‘उद्धरास्मान्नमस्ते’: बडोद्याच्या पुरातले पाच दिवस

बडोद्यात पावसाळ्यात ओळखीचं माणूस भेटलं की ‘काय म्हणता’च्या आधी ‘आजवा किती?’ असं विचारतात. आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतलेला तलाव. त्याची पातळी फुटांत सांगतात. तो भरून वाहू लागला की पाणी विश्वामित्रीत येतं आणि विश्वामित्री शहराच्या मधून जाते. पावागढावर उगम पावणारी ही नदी उन्हाळ्यात एवढी रोड असते की पाहुण्यांना नाला वाटतो. मग आम्ही त्यांना सांगतो, त्या नाल्यात चारशेच्या वर मगरी आहेत.

हे प्रकरण ऑगस्ट २०२४च्या पुरातलं आहे. मी रुग्णालयात समाजसेविका होते. किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं, पैशांची सोय लावणं, रडणाऱ्याशेजारी बसणं हे माझं काम. श्रद्धेवर लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांशी या कुटुंबाबद्दल, म्हणजे एक आजी आणि त्यांच्या डायलिसिसवरच्या मुलाबद्दल, बोलताना दर वेळी दोन तट पडायचे. एकाला वाटायचं की आजींच्या भक्तीनं मुलगा मरता मरता वाचला. दुसऱ्याला वाटायचं की आजींच्या भक्तीपायीच तो मरायला टेकला. दोघांकडेही पुरावा एकाच रात्रीचा होता. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर

मुजमहुड्याच्या बाजूला टेनामेंटची जुनी सोसायटी. तळमजल्यावर हे मराठी कुटुंब: आजी चौऱ्याहत्तरच्या, मुलगा अठ्ठेचाळीसचा, सून आणि कॉलेजातली नात. वरच्या मजल्यावर गुजराती कुटुंब. जिना बाहेरून, सोळा पायऱ्यांचा. मुलगा एका कारखान्यात हिशेब बघायचा. दोन्ही किडन्या निकामी होऊन तीन वर्षं झाली होती, मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी.

आजी दत्तभक्त. माहेर दांडिया बाजारातलं, आजोबांपासून घरात गरुडेश्वरची वारी. टेंबे स्वामी महाराज म्हणजे वासुदेवानंद सरस्वती १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले, आणि बडोद्याच्या मराठी घरांत त्यांचा फोटो नसेल असं घर विरळा. त्यांचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र आजी रोज संध्याकाळी म्हणायच्या. मुलाचं देवाशी फारसं सख्य नव्हतं. तो आरतीला उभा राहायचा, पण टाळ्या वाजवताना मनात बॅलन्सशीट जुळवत असायचा, असं त्यानंच मला सांगितलं.

आजींची एक सवय पुढे महत्त्वाची ठरली. घरात आलेलं कुठलंही औषध पहिल्यांदा देवापुढे ठेवायचं, मग उघडायचं. शनिवारी, २४ तारखेला, डायलिसिस संपल्यावर तिथल्या सिस्टरनं पावसाचा अंदाज बघून रुग्णांना पोटॅशियम खाली आणणाऱ्या पुडीची दोन-दोन पाकिटं दिली. ‘रस्ते बंद झाले तर पाणी दिवसाला दोन फुलपात्रांच्या वर नाही, आणि फराळाचं काही खायचं नाही,’ असं तिनं बजावलं. ती पाकिटं देवघराच्या खणात गेली.

सोमवारी तीनदा दार वाजलं

२६ ऑगस्टला चौथा श्रावण सोमवार आणि जन्माष्टमी एकत्र आली होती. आजींचा उपवास, घरात साबुदाणा, उकडलेले बटाटे, केळी, सुंठवडा. डायलिसिसच्या रुग्णाला यातलं बरंचसं चालत नाही. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. किडनी बंद असेल तर ते रक्तात साठतं, स्नायू गळतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कधी कधी आधी काही कळवतही नाही. बटाटा, केळं, सुकं खोबरं, खजूर या सगळ्यांत ते भरपूर असतं.

पाऊस सकाळपासून होता. संध्याकाळी पाचला सोसायटीचे सेक्रेटरी आले. ‘मासी, उपर जता रहो, आजवानुं पाणी आवे छे.’ आजी म्हणाल्या, महाराज आहेत. आठला ते पुन्हा आले. मुलगा म्हणाला, २०१९ला काय झालं होतं? रात्री अकराला तिसऱ्यांदा आले तेव्हा आजी पाळण्याची तयारी करत होत्या. बाराला कृष्णजन्म झाल्याशिवाय उठणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

मुलं वर्गात इथेच थांबतात आणि आजींवर तुटून पडतात. मी त्यांना मुलाचं वाक्य पुन्हा वाचायला लावते. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस पडला होता. तान्ह्या मुलीला प्लास्टिकच्या टबात घालून, टब डोक्यावर धरून गळ्याइतक्या पाण्यातून नेणारे पोलिस उपनिरीक्षक गोविंद चावडा यांचा फोटो देशभर गेला तो त्याच पुरातला. लोकांना लगेच वसुदेव आठवला. त्या वर्षी या सोसायटीत पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं. घरातल्या चौघांच्याही डोक्यात ती दुसरी पायरी पक्की बसली होती. मुलानं ती हिशेबाच्या भाषेत सांगितली, आजींनी महाराजांच्या भाषेत. सून आणि नात गप्प बसल्या, म्हणजे त्यांनाही ते पटलं होतं. तळमजल्यावरची इतर तीन घरंही रात्री बारापर्यंत खालीच होती आणि त्यांतलं एकही दत्तभक्त नव्हतं. त्या रात्री आजींच्या तोंडी जे आलं त्याला मी भरवसा म्हणत नाही. जुन्या अनुभवाचा तो आळस होता, त्यानं भरवशाचं उपरणं घेतलं होतं इतकंच. ते उपरणं मात्र आजींचं होतं, हेही खरं.

दीड वाजता मोरीतून पाणी उलटं आलं. अडीचला पोटरीपर्यंत. तीन वाजता अंधारात, फिस्टुलाच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, मुलाला दोघींनी धरून जिना चढवला. चढताना त्याचा पाय खरचटला. रक्तदाबाच्या गोळ्या, फाइल, फ्रिजमधली इंजेक्शनं, सगळं खाली राहिलं. आजींनी फक्त देवघराचा खण ओढून काढला आणि छातीशी धरून वर नेला. सून तेव्हा चिडून म्हणाली होती, ‘आई, देव तरंगतील हो, गोळ्या घ्या.’

खणात पादुका होत्या, कापूर, सुंठवड्याचा डबा आणि ती दोन पाकिटं.

इथे चमत्कार म्हणायचा मोह फार होतो. पाकिटं वाचली ती घरातल्या एका जुन्या वळणामुळे. आणि त्याच वळणामुळे गोळ्या राहिल्या, कारण त्या जुन्या होत्या, देवापुढून कधीच्याच कपाटात गेल्या होत्या. चमत्कार लिहायचा तर दोन्ही गोष्टी लिहाव्या लागतील.

वरचा मजला

कालाघोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट धरतात. मंगळवारी नदीनं ती ओलांडली आणि पुढे ३५ फुटांच्याही वर गेली. शहराच्या सखल भागांत दहा-बारा फूट पाणी होतं. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन बडोद्याजवळ जरोदलाच असते. तिच्या तुकड्या होत्या, नंतर सैन्यही आलं, पण एवढ्या गल्ल्यांना पुरणार किती? वनखात्यानं तीन दिवसांत वस्त्यांमधून चोवीस मगरी पकडल्या. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक पसरलेली असल्याचं पोरं सांगत होती. ती होती की ओंडका, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पण त्यानंतर कुणी पाण्यात पाय घातला नाही.

वरच्या दोन खोल्यांत अकरा माणसं. वीज नाही, दुपारपर्यंत सगळे फोन मेले. यजमानीण बाईंनी सगळ्यांपुढे फराळी चेवडा ठेवला. मुलाला तो चालत नाही हे कळल्यावर त्यांनी डबे धुंडाळून साधे ममरे, म्हणजे कुरमुरे, काढले आणि त्यावर साखर भुरभुरली. दोन दिवस तो त्यावर आणि चार-चार घास बिनमिठाच्या भातावर राहिला. सुंठवडा प्रसादाचा, नाही कसं म्हणायचं? आजींनीच चिमूट त्याच्या कपाळाला लावली आणि डबा नातीकडे दिला.

खरी लढाई पाण्याची होती, म्हणजे पिण्याच्या. चहूबाजूंनी पाणी आणि या माणसाला दिवसाला दोन फुलपात्रं. घड्याळाकडे बघून तहान वाढते. सुनेनं औषधाच्या बाटलीचं टोपण घेतलं, दोन टोपणं म्हणजे एक घोट. आणि ठरवलं की आईंची स्तोत्राची अकरा आवर्तनं झाली की एक घोट. आजींची चाल संथ, मधे दम घेत घेत म्हणायच्या, त्यामुळे अकरा आवर्तनांना चाळीसेक मिनिटं लागायची. जागेपणाच्या सोळा तासांत चोवीस घोट. सुनेनं कालनिर्णयच्या पाठीवर रेघा मारल्या. ते पान मी पाहिलं आहे. पाच-पाचचे गठ्ठे, वाण्याच्या वहीसारखे. मुलगा म्हणतो, ‘मी स्तोत्र ऐकत नव्हतो, मोजत होतो.’ बुधवारी दुपारी आजी सातव्या आवर्तनाला चुकून थांबल्या, तर त्यानंच डोळे मिटल्या मिटल्या सांगितलं, ‘चार राहिलीत.’

आता या स्तोत्राबद्दल. त्याच्या श्लोकांच्या शेवटी एकच चरण फिरून फिरून येतो: घोरात्कष्टादुद्धरास्मान्नमस्ते. घोर कष्टातून आम्हाला वर काढ, तुला नमस्कार. मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याच्या बांधणीकडे माझं लक्ष या प्रकरणानं गेलं. मागणं आणि नमस्कार एका दमात आहेत. मधे सुटका होण्याएवढी जागाच ठेवलेली नाही. भागवतातल्या गजेंद्राचंही तसंच. तो सोंडेत कमळ धरून ‘नमस्ते’ म्हणतो तेव्हा हरी नुसता आकाशात दिसलेला असतो, पाय अजून मगरीच्या तोंडातच असतो. (कुंतीनं कृष्णाकडे संकटंच मागितली, हे कीर्तनात ऐकायला बरं वाटतं. जिन्यावर पाणी चढत असताना ते कुणाला सुचेल असं मला वाटत नाही. आजींना तरी सुचलं नाही.)

आजींनी केलं ते असं. जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी किती चढलं हे नात टॉर्च मारून बघायची. आजी दर आवर्तनाआधी विचारायच्या, ‘कितव्या पायरीवर?’ मंगळवारी रात्री नात म्हणाली, अकराव्या. अर्ध्या तासानं पुन्हा अकराव्या. आजींनी हात जोडले. ‘दत्ता, अकरावीवर थांबवलंस, नमस्ते.’

मुलगा उसळला. ‘थांबलंय कुठे? वाढतंय ते.’

‘आत्ता थांबलंय ना. आत्ताचं म्हटलं मी.’

पहाटे पाणी बारावीवर आलं. तेव्हा आजींनी आभार मानले नाहीत. नुसतं ‘उद्धर’ म्हणाल्या आणि गप्प बसल्या. सुनेला हे जाणवलं आणि तिनं ते मला मुद्दाम सांगितलं. तोवर तिला वाटत होतं की सासूबाई घाबरून काहीही बडबडतात. बारावीनंतर तिच्या लक्षात आलं की त्या बातमी विचारून, खात्री करून, मग नमस्कार करतात. जे झालं नाही त्याचे आभार नाहीत. सोमवारच्या ‘महाराज आहेत’मध्ये प्रश्नच नव्हता. मंगळवारच्या नमस्काराआधी दर वेळी ‘कितव्या पायरीवर?’ होता. माझ्या मते या प्रकरणाची कूस इथे बदलली. आजींची भक्ती तीच होती, ती आता पाण्याकडे बघू लागली होती.

बुधवारी रात्री मुलाला आडवं होता येईना. उशांचा ढीग करून त्यावर पुढे वाकून तो बसला, श्वास मोजून घेत होता. दुसरं पाकीट तेव्हा फोडलं. एवढ्याशा पाण्यात ती पूड भिजत नव्हती, सुनेनं ती बोटानं जिभेवर लावली, तान्ह्या बाळाला गुटी चाटवावी तशी. आजींचा आवाज बसला होता. नात म्हणायला लागली. तिला स्तोत्र पूर्ण येत नव्हतं, पहिला श्लोक आणि तो चरण एवढंच येत होतं. तेच तिनं रात्रभर फिरवलं.

त्याच रात्री समोरच्या ओळीतले एक काका गेले. साखर आणि रक्तदाब दोन्ही, औषधं तळमजल्यावर बुडालेली. काकूंचा हंबरडा पाण्यावरून ऐकू आला. तेही गरुडेश्वरला जाणारे. दोन्ही घरं एकाच गाडीतून जायची.

गुरुवार

पाणी उतरायला लागलं. सकाळी सोसायटीतल्या दोन पोरांनी ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर लाकडी फळी बांधली आणि मुलाला तीवर बसवून कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथून ट्रॅक्टरची ट्रॉली, मग मामेभावाची गाडी. नेहमीच्या केंद्रात पाणी शिरलेलं, म्हणून दुसरीकडे. दुपारी बाराला पोहोचला तेव्हा शेवटच्या डायलिसिसला पाच दिवस झाले होते. वजन साडेतीन किलो वाढलेलं, पोटॅशियम सातच्या जवळ, कार्डिओग्राममध्ये बदल. हृदय सांभाळायला आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग मशीन लावलं. डॉक्टरांनी रेघांचं ते पान बघितलं आणि म्हणाले, हे पाळलं नसतं तर बुधवारची रात्र निघाली नसती.

मी भेटले ती संध्याकाळी. आजी बाकावर बसल्या होत्या, लुगड्याला वाळलेला चिखल. माझा हात धरून त्यांनी आभार मानायला सुरुवात केली आणि मला वाटलं आता स्वामींची गोष्ट येणार. आली ती सिस्टरची. मग ममऱ्यांची. मग ट्यूबवाली पोरं, आणि ट्रॅक्टरवाला, ज्यानं पैसे घेतले नाहीत आणि ज्याचं नाव विचारायचं राहिलं म्हणून त्यांना चुटपुट लागली होती. शेवटी म्हणाल्या, ‘तीनदा दार वाजलं हो. दत्त दारात भिक्षेला येतात म्हणतात ना? मी तीनदा पुढे जा म्हटलं. चुकले मी. महाराज नाही चुकले.’

शिकाऊ मुलांतली एक म्हणाली, ही अपराधीपणाची भाषा आहे, समुपदेशनात ती सोडवायला हवी. मी तेव्हा तिच्याशी सहमत होते. आता नाही. आजींनी चूक स्वतःकडे घेतली आणि तिला मापात ठेवलं: तीन वेळा, एक दार, पाच ते अकरा. मुलगा आजारी का पडला, पूर का आला, हे त्यांनी स्वतःच्या माथी घेतलं नाही. अपराधीपणाला सहसा एवढं मोजमाप नसतं. आणि मुलानंही त्याच आठवड्यात, न विचारता, दुसऱ्या पायरीचा हिशेब आपला होता हे कबूल केलं.

आभार कुणासमोर

अवघड भाग पुढचा होता आणि त्यात रुग्णालयाचा काही संबंध नव्हता. नातेवाईक फोनवर एकच वाक्य म्हणत होते: महाराजांनी वाचवलं तुम्हाला. आजी ‘हो’ म्हणायच्या. काकांच्या दहाव्याला समोरच्या काकू तेच म्हणाल्या, सरळ मनानं: ‘तुमच्यावर कृपा झाली.’ आजी घरी येऊन दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

मी गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘मला वाचवलं म्हटलं तर त्यांचं काय केलं म्हणायचं?’

मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं. अशा वेळी लोक प्रारब्ध काढतात. प्रारब्ध स्वतःबद्दल बोलताना आधार देतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन ते बोलून दाखवलं की तो न्याय सुनावल्यासारखा लागतो. आजींना ते ठाऊक होतं म्हणून त्या अडल्या होत्या. त्यांनी आपली वाट स्वतःच काढली. ‘वाचवलं’ हा शब्द त्यांनी टाकला. फोनवर कुणी म्हटलं तर त्या म्हणत, ‘आम्ही वाचलो. मी नमस्कार करते.’ दोन वेगळी वाक्यं, मधे ‘म्हणून’ नाही. सुनेला हे शब्दांचे खेळ वाटले. मला तसं वाटत नाही. ‘म्हणून’ घातलं की समोरच्या घराला उत्तर द्यावं लागतं. ते काढल्यावर नमस्कार तसाच राहतो आणि काकूंसमोरही करता येतो.

डिसेंबरात दत्तजयंतीला आजींनी काकूंना बोलावलं. मी होते. पाळणा झाला, सुंठवडा वाटला. दत्तजन्मालाही सुंठवडाच असतो. मुलानं चिमूट कपाळाला लावली आणि वाटी पुढे सरकवली. स्तोत्राला सुरुवात करताना आजींनी काकूंकडे बघितलं. काकू काही वेळ गप्प होत्या. दुसऱ्या श्लोकापासून त्यांनी चरण धरला, ‘नमस्ते’ सोडून. ‘उद्धरास्मान्’वर त्या थांबायच्या आणि पुढचं आजी एकट्या म्हणायच्या. कुणी काही बोललं नाही. पाचव्या श्लोकापर्यंत तसंच चाललं.

भिंतीवरची चिखलाची रेघ दिवाळीत रंगात गेली. देवघर आता जिन्याच्या बाजूच्या कपाटात आहे आणि त्याच्या खणात गोळ्यांची दुसरी पट्टी, फाइलची झेरॉक्स आणि पाकिटं असतात. महिना संपला की सून जुनी काढून नवी ठेवते, आजी ती देवापुढे धरतात. गेल्या पावसाळ्यात मी संध्याकाळी गेले होते. आरती झाली, आजींनी निरांजन खाली ठेवलं, आणि पदर सावरता सावरता सुनेला विचारलं, ‘आजवा किती?’